वजन वाढेल, पण गुणाचे काय?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

औषधी वनस्पतींना पाण्याचा ताण सोसायला मातीतले उपयुक्त जिवाणू आणि बुरशी मदत करतात, या आशयाचा आपल्या अंकातला लेख वाचला. विषय महत्त्वाचा आहे. (झाडाच्या मुळांशी बुरशीची जी जोडी जमते, तिला मायकोरायझा हे नाव आल्बर्ट बर्नहार्ड फ्रांक या जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञाने १८८५ सालीच दिले होते, तेव्हा ‘क्रांतिकारी नवे तंत्र’ ही भाषा जरा जास्तच झाली.) खटकले ते वेगळेच. लेखातला सगळा हिशेब वजनाचा होता: रोप किती वाढले, मुळे किती भरली. भाजीला हे माप चालेल, औषधी पिकाला ते पुरत नाही.

अश्वगंधेच्या मुळांतली विथॅनोलाइडे ही औषधी द्रव्ये किंवा तुळशीच्या पानांतले सुगंधी तेल यांसाठीच तर ही पिके घेतली जातात. पाण्याचा माफक ताण बसला की अनेक वनस्पतींत अशा घटकांची टक्केवारी वाढते आणि वजन घटते. मग रोपाचा ताण हलका केला तर माल भरपूर निघेल, पण औषध पातळ होईल का, ही शंका रास्त आहे.

सूक्ष्मजीवांच्या बाबतीत मात्र प्रकरण इतके सरळ नाही. मायकोरायझा बुरशीचे तंतू मूलरोमांपेक्षाही बारीक असतात. मूळ शिरू शकत नाही अशा फटींतले पाणी आणि स्फुरद (फॉस्फरस) ते रोपाला पोचवतात आणि बदल्यात साखर घेतात. काही जिवाणूंची तऱ्हा निराळी. ताण बसला की रोपात इथिलीन हा संप्रेरक वायू वाढतो आणि मुळांची वाढ खुंटते. एसीसी डिअमिनेज हे विकर (एन्झाइम) असलेले जिवाणू इथिलीनचा कच्चा मालच फस्त करतात, म्हणून मुळे खाली जात राहतात. यांपैकी कशानेही कोरड्या ठक्क जमिनीत पाणी निर्माण होत नाही, हेही सांगायला हवे होते.

शिवाय ही बुरशी मुळात वस्ती करताना रोपाची रसायनेही बदलते. हिवतापावरच्या औषधांचा आधार असलेले आर्टेमिसिनिन ज्या आर्टेमिसिया ॲन्युआपासून मिळते, तिच्यात मायकोरायझामुळे या घटकाचे प्रमाण वाढल्याचे प्रयोग झाले आहेत. पण हा निकाल अश्वगंधेला जसाच्या तसा लावता येणार नाही. बुरशीची जात बदलली तरी उत्तर बदलू शकते.

म्हणून अशा प्रयोगांची बातमी देताना दोन आकडे मागावेत: घटकाची टक्केवारी आणि दर रोपामागे मिळालेला एकूण घटक. तेही ताण दिलेल्या आणि न दिलेल्या, संवर्धक (म्हणजे बाहेरून द्यायचे उपयुक्त सूक्ष्मजीव) घातलेल्या आणि न घातलेल्या, अशा चारही गटांचे. प्रयोग कुंडीतल्या निर्जंतुक मातीत झाला की शेतात, हेही विचारावे. कुंडीत बाहेरून आणलेल्या बुरशीला मैदान मोकळे असते, शेतात आधीच ठाण मांडून बसलेल्या सूक्ष्मजीवांशी तिची गाठ पडते. त्यात स्फुरदाची खते भरमसाट दिलेली असतील, तर रोप तिला फारसे जवळच करत नाही.

आणि एक. मोहरीच्या कुळातली रोपे मायकोरायझाशी सहसा संबंधच जोडत नाहीत. अळीव याच कुळातले. मायकोरायझाच्या पाकिटावर ‘सर्व पिकांसाठी उपयुक्त’ असे छापलेले दिसले, तर विक्रेत्याला आधी अळिवाबद्दल विचारून पाहावे.

आपला,
एक नियमित वाचक