जुन्या फाइलींचं काय?

महोदय,

डिस्क भरली की आपल्या तंत्रज्ञानाच्या पानावर हमखास दोनच सल्ले मिळतात: फाइली पुसा, नाहीतर नवी डिस्क घ्या. लिनक्स वापरणाऱ्यांना तिसरा मार्ग आहे, फाइलसिस्टिमचं कॉम्प्रेशन, म्हणजे डिस्कवर फाइली मांडणाऱ्या व्यवस्थेनंच डेटा लिहिताना तो आवळून कमी जागेत ठेवणं. पण तो सांगणारेही अर्धाच सांगतात, म्हणून हे पत्र.

मी मुद्रितशोधक आहे. शब्दयाद्या आणि एकेका पुस्तकाच्या चार-चार दुरुस्त प्रती असा नुसता मजकूर माझ्याकडे साठलेला असतो. यूटीएफ-८ या अक्षरं साठवण्याच्या पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट खातं. काना, वेलांटी, अनुस्वार यांचे ३ बाइट वेगळे. त्यातला पहिला बाइट सगळ्या चिन्हांना एकच, दुसरा दोनपैकी एक. इतकी पुनरावृत्ती असल्यावर मराठी मजकूर उत्तम आवळला जातो. आपल्या भाषेत काम करणाऱ्यांनी तरी ही सोय वापरायलाच हवी, असं मला मनापासून वाटतं.

बीटीआरएफएस फाइलसिस्टिममध्ये ती मुळातच आहे. झेडस्टँडर्ड ही आवळण्याची पद्धत तिला २०१७ साली, कर्नलच्या (लिनक्सच्या गाभ्याच्या) ४.१४ या आवृत्तीपासून मिळाली. फेडोरा या लिनक्स प्रणालीच्या डेस्कटॉप आवृत्त्या २०२१ पासून, म्हणजे फेडोरा ३४ पासून, नव्यानं बसवताना ती आवळण्याच्या पहिल्या पातळीवर आपणहून चालू करतात. इतरांनी एफएसटॅब फाइलीत (संगणक सुरू होताना डिस्कचे कोणते भाग कसे जोडायचे याची यादी) त्या विभाजनाच्या, म्हणजे डिस्कच्या त्या भागाच्या, ओळीला कॉम्प्रेसचा पर्याय जोडायचा. त्या फाइलीची प्रत आधी काढून ठेवावी, कारण तिथली चूक संगणक सुरू होणंच अडवू शकते. ईएक्सटी४ या दुसऱ्या फाइलसिस्टिमवर मात्र हा उपाय नाही.

आता राहून जाणारा अर्धा भाग. पर्याय जोडल्यावर फक्त नव्यानं लिहिलेला डेटा आवळला जातो. आधीच्या फाइली होत्या तशाच राहतात. त्या आवळण्यासाठी बीटीआरएफएसची डीफ्रॅगमेंट आज्ञा (फाइली नव्यानं लिहून काढणारी) कॉम्प्रेशनसह चालवावी लागते. फरक 'डीयू' या फाइलींची जागा मोजणाऱ्या आज्ञेत शोधू नये, ती मूळ आकारच दाखवते. 'कॉम्पसाइझ' हे छोटं साधन डिस्कवर खरोखर किती जागा गेली ते सांगतं. हे ठाऊक नसल्यानं कितीतरी जण काहीच झालं नाही म्हणून पर्याय काढून टाकतात.

छायाचित्रं आणि व्हिडिओ आधीच आवळलेले असतात, तिथे फायदा जवळपास नाही. फाइल आवळण्याजोगी नाही हे फाइलसिस्टिम स्वतःच ओळखून ती सोडून देते, त्यामुळे सक्तीच्या कॉम्प्रेशनचा सल्ला घरच्या संगणकाला मला अनावश्यक वाटतो.

आपल्या पानावर हा विषय आलाच, तर स्नॅपशॉटबद्दलचा (फाइलसिस्टिमच्या एखाद्या क्षणीच्या जपून ठेवलेल्या प्रतीबद्दलचा) इशारा ठळक छापावा, ही विनंती. डीफ्रॅगमेंट केल्यावर स्नॅपशॉट आणि चालू फाइली यांची सामायिक जागा वेगळी होते आणि डिस्क रिकामी होण्याऐवजी आणखी भरते. नको असलेले स्नॅपशॉट आधी काढावेत, मगच ती आज्ञा चालवावी.

— एक मुद्रितशोधक