घरचं आर्केड कॅबिनेट : खरं काम नंतर सुरू होतं

मा. संपादक,
स. न. वि. वि.

व्हिडिओ गेम पार्लरमधल्या यंत्रासारखं आर्केड कॅबिनेट घरी कसं करायचं, याची माहिती आता भरपूर मिळते. मात्र ती पहिला खेळ पडद्यावर आला की संपते. दोन-तीन पावसाळ्यांनी जे बिघडतं, त्याची तयारी प्लाय कापतानाच करावी लागते. ती न केल्याने मेहनतीने केलेली यंत्रं अडगळीत जातात, म्हणून हे पत्र.

आधी लाकडाचं. एमडीएफ (लाकडाचा भुसा दाबून केलेली फळी) स्वस्त आणि गुळगुळीत, पण फरशी पुसतानाचं पाणी खालच्या कडेतून आत शिरतं आणि कड फुगते. फुगलेला एमडीएफ पुन्हा पूर्ववत होत नाही. कोकण-मुंबईच्या हवेत १८ मिमीचं बीडब्ल्यूपी (पाण्याला टिकणारं) प्लायवूड, आयएस ७१० या भारतीय मानकाचा शिक्का बघून घ्यावं आणि खाली २५-३० मिमी उंचीचे रबरी पाय लावावेत. सनमायका फक्त बाहेरून लावला तर फळी एका बाजूला ओढली जाऊन वाकते; आतून पातळ लायनर (साधा सनमायका) लावावाच. मागची बाजू खिळ्यांनी बंद करू नये. बिजागरी आणि कुलूप असलेलं दार हवं. हवेची भोकं खाली आणि वर दोन्हीकडे ठेवून त्यांवर बारीक स्टीलची जाळी ठोकावी. अ‍ॅडॉप्टरची ऊब झुरळांना आवडते आणि उंदीर वायरी कुरतडतात.

बटण बिघडलं की लोक अख्खं बटण बदलतात. बहुतेकदा दोष फक्त खालच्या मायक्रोस्विचचा, म्हणजे बटण दाबल्यावर ‘टक्’ वाजणाऱ्या छोट्या स्विचचा असतो. एकदा दाबलं की दोनदा लागतं किंवा मधूनच लागत नाही, ही त्याची खूण. साध्या मायक्रोस्विचचे संपर्क (आत एकमेकांना टेकणारे धातूचे ठिपके) जास्त विद्युतप्रवाहासाठी केलेले असतात. यूएसबी एन्कोडरमधून (बटणांचे इशारे संगणकाला पोचवणाऱ्या पट्टीतून) जाणारा प्रवाह इतका क्षीण असतो, की दमट हवेत संपर्कावर चढलेला थर त्याने फुटत नाही. सोन्याचा मुलामा दिलेल्या संपर्काचे स्विच मिळाले तर थोडे पैसे जास्त द्यावेत. विकत घेताना स्विचच्या वायर जोडायच्या पट्टीची रुंदी मोजावी : अमेरिकन धाटणीच्या बटणांना सहसा ४.८ मिमी, जपानी धाटणीच्यांना २.८ मिमी. वायर सोल्डर करू नये, दाबून बसवायच्या क्लिपाच वापराव्यात. मग स्विच बदलणं पाच मिनिटांचं काम होतं. तीन-चार बटणं एकदम गेली, तर स्विचकडे बघूच नये. ग्राउंडची, म्हणजे सगळ्या बटणांची सामाईक वायर बटणाबटणांतून माळेसारखी नेली असेल, तर तिचा एक सांधा सुटलेला असतो. माळेची दोन्ही टोकं ग्राउंडला जोडली की एक सांधा निसटला तरी खेळ चालू राहतो.

जॉयस्टिकला मशीनचं तेल घालू नये. ते धूळ धरतं आणि स्विचमध्ये उतरतं. दांड्याच्या सांध्याला सिलिकॉन ग्रीस मटारच्या दाण्याएवढं पुरे. खालची ई-क्लिप (दांडा धरून ठेवणारी E आकाराची चकती) काढताना हात फडक्याखाली ठेवावा, नाहीतर ती उडते आणि सापडत नाही. ‘पॅक-मॅन’ (१९८०) आणि ‘डाँकी काँग’ (१९८१) चार दिशांचे खेळ, ‘स्ट्रीट फायटर २’ (१९९१) आठ दिशांचा. पॅक-मॅन वळणावर अडकत असेल तर जॉयस्टिक बिघडलेली नसते, तिची गेट-पट्टी (दांडा किती दिशांना जाईल ते ठरवणारी) चार दिशांवर फिरवायची असते.

रास्पबेरी पाय या तळहाताएवढ्या संगणकावर चालणाऱ्या यंत्रात सर्वाधिक नुकसान भिंतीवरचं बटण करतं. कार्डवर लिहिणं चालू असताना वीज तुटली की एसडी कार्डवरची फाइलव्यवस्था बिघडते. यावर उपाय जवळपास फुकट आहे. रास्पबेरी पायवरच्या पिनांच्या रांगेतल्या पिन ५ आणि ६ यांच्यामध्ये एक साधं पुश बटण जोडावं आणि कॉन्फिग फाइलमध्ये (कार्डवरच्या सेटिंगच्या फाइलमध्ये) जीपीआयओ-शटडाउनची (gpio-shutdown) ओळ घालावी. एकदा दाबलं की यंत्र नीट बंद होतं, पुन्हा दाबलं की सुरू होतं. पडद्याच्या कोपऱ्यात विजेचं चिन्ह दिसलं तर व्होल्टेज ४.६३ च्या आसपास किंवा खाली गेलेलं असतं. दोष बहुधा बारीक, लांब केबलचा किंवा जुन्या अ‍ॅडॉप्टरचा. रास्पबेरी पाय ४ ला ५ व्होल्ट, ३ अँपिअरचा अ‍ॅडॉप्टर लागतो.

सगळं नीट चालत असेल तर अपडेट करू नये, असं मी आग्रहाने सांगेन. मेम (MAME) या एमुलेटरच्या, म्हणजे जुने आर्केड खेळ संगणकावर चालवणाऱ्या प्रोग्रॅमच्या, प्रत्येक आवृत्तीला तिच्याशी जुळणाऱ्याच गेम-फाइली लागतात. ‘मेम २००३’ ला मेमच्या ०.७८ आवृत्तीच्याच. एमुलेटर बदलला की काल चालणारा खेळ आज उघडत नाही आणि दोष कार्डाला दिला जातो.

जुना पिक्चर ट्यूबचा टीव्ही बसवला असेल तर त्याचं मागचं आवरण स्वतः उघडू नका. रंगीत ट्यूबच्या अ‍ॅनोडवर २० हजारांहून जास्त व्होल्ट असतात आणि प्लग काढल्यावरही भार राहू शकतो. एलसीडी असेल तरी तीन पिनांचा प्लग आणि खरं अर्थिंग हवंच.

खेळांची यादी ३०-४० वर आणावी. दहा हजार नावांतून निवडता निवडता मुलं कंटाळतात, पाहुणे तर लगेच उठतात. आवाजाचं बटण बाहेर, हाताला येईल असं बसवावं, म्हणजे रात्री घरातल्यांची झोप मोडत नाही.

दाराच्या आतल्या बाजूला एक पिशवी अडकवावी. तिच्यात चार मायक्रोस्विच, कॉपी केलेलं दुसरं कार्ड, वायरिंगची हाताने काढलेली आकृती आणि एमुलेटरच्या आवृत्तीचा क्रमांक लिहिलेला कागद ठेवावा. दाराची जादा किल्ली मात्र कॅबिनेटमध्ये नको, घरातल्या किल्ल्यांच्या जुडग्यात असू द्यावी.

आपला,
एक वाचक, रत्नागिरी