ट्रॅक्टर आणण्याआधी वाचा

ती. नाना आणि आई यांस,
सा. नमस्कार.

पुढच्या आठवड्यात जळगावहून ट्रॅक्टर ट्रकवर चढवून रावेरला आणताय, म्हणून तुम्ही विचारलेल्या त्या विमान पडतानाच्या व्हिडिओबद्दल सविस्तरच लिहिते.

ते बोइंग ७४७ मालवाहू विमान २९ एप्रिल २०१३ला अफगाणिस्तानातल्या बगरामहून दुबईला निघालं होतं. पोटात पाच चिलखती गाड्या, दोन सुमारे १२ टनांच्या, तीन १८ टनांच्या. उडाल्याबरोबर पडलं, सातही जण गेले.

माल मागे सरकून शेपूट जड झाली, असं लोक म्हणतात. नुसतं तेवढंच झालं असतं तर विमान सावरता आलं असतं, असं चौकशीत निघालं. घात वेगळाच झाला. सर्वांत मागची गाडी सुटली आणि मागची भिंत फोडून शेपटीत घुसली. चारपैकी दोन हायड्रॉलिक यंत्रणा गेल्या. शेपटीचा आडवा पंख वरखाली करणारा आट्यांचा लांब दांडाही मोडला. मग वैमानिकाच्या हातात नाक खाली आणायला काही उरलंच नाही.

गाड्यांखालची पॅलेटं, म्हणजे माल ठेवायचे सपाट पाट, विमानाच्या तळाला कुलपांनी अडकवलेली नव्हती, सगळा भार पट्ट्यांवर. असा पट्टा सुमारे २२७० किलो ओढ सोसतो, पण सरळ ओढीत. तळाशी ६० अंशांचा कोन झाला की सरकणं रोखायला निम्मीच ताकद लागू पडते. १८ टनांच्या गाडीला तिच्या वजनाएवढा हिसका मागे बसला, तर तशा कोनातले १६ पट्टे फक्त त्या एका दिशेसाठी हवेत. विमान कंपनीच्या माल बांधण्याच्या पुस्तकात हा हिशेबच नीट दिलेला नव्हता. त्यात बगरामला उभं असतानाच एक पट्टा तुटलेला दिसला होता, वैमानिकांच्या बोलण्याच्या रेकॉर्डिंगमध्ये ते आहे. तिथेच सगळा माल पुन्हा तपासायला हवा होता. मला हेच सर्वांत जास्त लागतं.

म्हणून नाना, पट्टे ट्रॅक्टरच्या अ‍ॅक्सलला किंवा चेसिसला बांधा, बॉनेटवरून नको. दोन पुढे, दोन मागे, तळाशी होईल तितका कमी कोन ठेवून, लांब. हँडब्रेक ओढा, गिअरमध्ये ठेवा, चारही चाकांना पुढून-मागून लाकडी ठोकळे लावा. टायर दबून उसळतात तसे पट्टे ढिले पडतात, तेव्हा नशिराबादजवळ थांबून पुन्हा आवळा. एखादा तुटका निघाला तर तेवढाच बदलू नका, बाकीचेही ओढून बघा. आई, ड्रायव्हर घाई करेल, थांबायची आठवण तू दे.

तुमची,
वैशाली