साखरप्यात अडलेली गाडी

कोल्हापूर

प्रिय सुहास,
सप्रेम नमस्कार.

काका-काकूंना घेऊन तू कुंभार्ली घाटातून गुहागरला निघणार, आणि तेही आपल्या जुन्या पेट्रोल गाडीतून, हे कळल्यापासून तुला लिहायचं मनात होतं. फोनवर हे सगळं नीट सांगून होत नाही. काकूंचे गुडघे बघता रस्त्याच्या कडेला ताटकळत उभं राहायची वेळ त्यांच्यावर येऊ नये, म्हणून गणपतीपुळ्याहून परत येताना आमच्या गाडीचं काय झालं ते सविस्तर लिहितो.

आंबा घाट चढायच्या आधी साखरप्याला चहा-भजीसाठी थांबलो होतो. निघताना चावी फिरवली तर एकच ‘टक्’ आवाज आला आणि डॅशबोर्डवरचे सगळे दिवे गेले, घड्याळसुद्धा. चावी बंद करून जरा थांबलं की दिवे पुन्हा लख्ख. परत सेल्फ मारला की परत सगळं गार.

शेजारी एक जीपवाला उभा होता. भला माणूस, लगेच जंपर केबल, म्हणजे दुसऱ्या गाडीच्या बॅटरीवरून आपली गाडी चालू करायच्या वायरी, घेऊन आला. म्हणाला, “बॅटरी गेली साहेब. जंप देतो, मलकापुरात नवी टाकून घ्या.” मी त्याला थांबवलं, कारण दिव्यांची गोष्ट मला जुळत नव्हती. बॅटरी उतरली असेल तर चावी लावल्या लावल्याच दिवे पिवळट पडतात, आणि सेल्फ कण्हत फिरतो किंवा ‘टकटकटक’ असा सलग आवाज येतो. आमचे हेडलाइट तर झगझगीत लागत होते. दोन्ही हेडलाइटना मिळून नऊ-दहा अँपिअर लागतात, सेल्फला मात्र शंभराच्या वर. कुठे सांधा सैल असला तर त्यातून दिव्यांपुरता करंट निभावतो, पण सेल्फने ओढला की तिथेच अडतो. आणि अडतो तिथे तापतो.

बॉनेट उघडलं, हातातली अंगठी काढून ठेवली आणि बॅटरीला वायरी जिथे जोडतात त्या दोन्ही टर्मिनलना एकेक करून बोट लावून पाहिलं. प्लसचं गार. मायनसचं चांगलंच गरम! हाताने पिळलं तर क्लॅम्प बॅटरीच्या खांबावर गोल फिरला. आत पांढरी-हिरवट भुकटी साठली होती.

आता जंप घेतला असता तर काय झालं असतं बघ. जंपची काळी केबल बंद गाडीच्या बॅटरीला लावत नाहीत, इंजिनच्या उघड्या लोखंडाला लावतात. बॅटरीतून हायड्रोजन निघतो, ठिणगी त्याच्यापासून लांब पडावी म्हणून. म्हणजे करंट दुसऱ्या गाडीतून थेट इंजिनला पोचतो, आपलं खराब मायनस टर्मिनल वाटेत येतच नाही. गाडी चालू होते आणि सगळ्यांची खात्री पटते की बॅटरीच गेली होती. मग नवी बॅटरी. ती बसवताना मेस्त्री टर्मिनल घासतो, नट आवळतो, गाडी झकास चालते, आणि चांगली बॅटरी भंगारात जाते. कितीतरी लोकांचे पैसे असे जात असतील, याचं मला खरंच वाईट वाटतं.

भजीच्या हॉटेलात खायचा सोडा असतोच. तिथल्या मावशींनी तो दिला, वर पातेलीभर गरम पाणीही दिलं. दहा नंबरच्या पान्याने आधी मायनस सोडवला, मग प्लस. सोड्याचं पाणी पडताच भुकटी फसफसली आणि विरघळून गेली. जीपवाल्याकडच्या पॉलिश पेपरने खांब आणि क्लॅम्पची आतली बाजू शिशाची चमक दिसेपर्यंत घासली. फडक्याने कोरडं करून आधी प्लस, शेवटी मायनस आवळला. सेल्फ पहिल्याच फटक्यात लागला, आणि आमच्याइतकाच आनंद त्या जीपवाल्याला झाला. कोल्हापुरात आल्यावर मीटर लावून पाहिलं, गाडी बंद असताना १२.६ व्होल्ट, चालू असताना १४.२. बॅटरी ठणठणीत, तिला चार्ज करणारा अल्टरनेटरही ठणठणीत.

तुझी गाडी वेगळ्या तऱ्हेनेही अडू शकते. इंजिन नेहमीसारखं जोरात फिरतंय पण पकडत नाही, असं असेल तर बॅटरीच्या नादी लागू नकोस. चावी ऑन करून कान दे. मागच्या सीटखालून पेट्रोल पंपाची दोनेक सेकंद बारीक घरघर यायला हवी. ती नसेल तर पंपाचा फ्यूज आणि रिले, म्हणजे पंपाला करंट देणारा स्विच, बघ. डॅशबोर्डवर चावीचं किंवा कुलपाचं चिन्ह लुकलुकत असेल तर दुसरी चावी लावून बघ, म्हणून ती घरी ठेवू नकोस. सेल्फ दहा सेकंदांच्या वर एका दमात मारू नकोस, मध्ये त्याला गार होऊ दे.

आणि गड्या, एवढं माझं ऐकच. घाटात गाडी बंद पडली तर उतारावर सोडून गिअरमध्ये चालू करायच्या फंदात पडू नकोस. इंजिन बंद असलं की ब्रेक दोन-तीनदा दाबल्यावर दगडासारखा होतो, पॉवर स्टिअरिंगही जड पडतं. धक्का मारायचाच तर सपाट रस्त्यावर, दुसऱ्या गिअरमध्ये. घाटात हँडब्रेक ओढ, चाकाला दगड लाव, काका-काकूंना कठड्याच्या आतल्या बाजूला बसव आणि १०३३ ला फोन कर. राष्ट्रीय महामार्गावर मदतीसाठी तोच नंबर आहे. रेंज नसेल तर येणाऱ्या एसटीला हात कर.

निघायच्या आधीच्या रविवारी बॉनेट उघड आणि दोन्ही टर्मिनल हाताने पिळून बघ. जरा जरी हलली तर त्याच दिवशी साफ करून आवळून घे, वरून थोडं व्हॅसलीन लाव. दहा नंबरचा पाना, पॉलिश पेपरचा तुकडा आणि सोड्याची पुडी डिकीत टाक. काही अडलं तर मला बोलाव, शनिवारी रात्रीच्या गाडीने पुण्याला येतो, आपण मिळून करू.

काका-काकूंना माझा नमस्कार सांग.

तुझाच,
अभय