रिकामा पडदा

भुसावळ,
रविवार रात्र

चि. शाल्मलीस अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर मी बोललो ते बोलायला नको होते. तुमच्या विमानतळावरचे जुने रडार पुढच्या महिन्यात बंद होऊन नवी यंत्रणा चालू होणार आणि त्या रात्री टॉवरखालच्या उपकरणांच्या खोलीत तुझी नेमणूक झाली, हे तू किती आनंदाने सांगत होतीस! मी मात्र ‘तुलाच का?’ एवढेच विचारून फोन आईच्या हातात दिला. त्याचे वाईट वाटते, म्हणून हे पत्र. त्या रात्रीविषयी यात काही लिहायचे नाही, असे ठरवून बसलो आहे.

मिलानहून तू पाठवलेला फोटो मी मोठा करून घेतला. फोर्लानिनी उद्यानात स्मरणार्थ लावलेली ती बीच वृक्षाची ११८ झाडे. ८ ऑक्टोबर २००१ रोजी लिनाते विमानतळावर दाट धुक्यात एक लहान विमान वाट चुकून धावपट्टीवर आले, उड्डाण घेणारे प्रवासी विमान त्यावर आदळले आणि ११८ माणसे गेली. फोटोखाली तू लिहिले होतेस की जमिनीवरचे जुने रडार बंद झाले होते आणि नवे अजून कामाला लागले नव्हते. रेल्वेच्या सिग्नल खात्यात आयुष्य घालवलेल्या माणसाला यापुढे काही सांगावे लागत नाही. जुने गेलेले आणि नवे न आलेले, या मधल्या वेळेची मला भीती वाटते, आणि तू नेमकी त्याच वेळेत उभी राहणार आहेस.

पाहा, ठरवूनही तिथेच आलो.

तुमच्या नव्या यंत्रणेच्या पद्धतीविषयी, त्या मल्टिलॅटरेशनविषयी, तू पाठवलेले सगळे मी वाचले. विमानाच्या ट्रान्सपाँडरचा, म्हणजे विमानातल्या संदेश पाठवणाऱ्या यंत्राचा, एकच संदेश विमानतळाभोवतीच्या अनेक रिसीव्हरांवर किंचित पुढेमागे पोहोचतो आणि त्या फरकावरून विमानाची जागा ठरते, ही कल्पना मला फार आवडली. एका नॅनोसेकंदात प्रकाश तीस सेंटिमीटर जातो, हे तू आठवीत असताना मीच तुला सांगितले होते, आठवते का? एडीएस-बी या दुसऱ्या पद्धतीत विमान उपग्रहावरून स्वतःची जागा ठरवते आणि स्वतःच ती सांगते. युरोपात डिसेंबर २०२० पासून मोठ्या विमानांना ते सक्तीचे झाले, हे ठीकच आहे. पण उपग्रहाचे संकेत बिघडवले जात असल्यामुळे २०२४ मध्ये एस्टोनियातल्या तार्तूची विमानसेवा महिनाभर थांबवावी लागली होती. म्हणून, विमान काय सांगते यापेक्षा त्याचा संदेश कधी पोहोचला यावर विसंबणारी तुमची पद्धत मला अधिक भरवशाची वाटते. फक्त त्या रिसीव्हरांची घड्याळे कशावर मिळवलेली असतात, ते मला कळव. तीही उपग्रहावरच असतील, तर पर्याय काय ठेवला आहे, हे तू विचारलेच पाहिजेस.

आमच्या ट्रॅक सर्किटमध्ये रुळातून वीज वाहते, गाडीची चाके आली की रिले, म्हणजे विजेवर चालणारी कळ, पडतो आणि सिग्नल लाल होतो. तार तुटली तरी रिले पडतो, तरीही लालच. बिघाड नेहमी थांबण्याच्या बाजूला झुकतो. तुमच्याकडे जे विमान यंत्राला दिसत नाही, ते पडद्यावर नसतेच, आणि रिकामी धावपट्टी व न दिसलेले विमान पडद्यावर अगदी सारखेच दिसतात. यंत्रणा स्वतःची तपासणी करत असते, हे तू मला समजावले आहेस. तरीही जुने घाईने बंद करू देऊ नकोस.

हे व्याख्यान झाले, क्षमा कर. तुझे शिक्षण माझ्याहून कितीतरी मोठे आहे. वसंताकडे मी तुझ्या कामाविषयी इतके बोलतो, की तो आता विषय बदलतो.

पण एक गोष्ट मी आईलाही सांगितलेली नाही. तुला गोवर निघाला होता आणि मी चार दिवस घरी आलो नव्हतो, तेव्हा एका स्टेशनवर आमचे नॉन-इंटरलॉकिंगचे, म्हणजे सिग्नल आणि रुळांची एकमेकांशी असलेली कुलुपबंदी तात्पुरती सोडवून करायचे, काम चालू होते. जुनी लिव्हरची केबिन काढून बटणांचे पॅनेल बसवत होतो. गाड्या खोळंबल्या होत्या, वरून सारखे फोन येत होते. पहाटे चारच्या सुमारास सगळ्या पॉइंटांची, म्हणजे गाडीची वाट बदलणाऱ्या सांध्यांची, करस्पॉन्डन्स टेस्ट (पॅनेलवर दिसते तेच रुळावर आहे का, ही तपासणी) झाली असे समजून मी रिकनेक्शन मेमोवर, यंत्रणा पुन्हा जोडल्याच्या कागदावर, सही केली. एक पॉइंट राहिला होता. पॅनेलवर तो नॉर्मल, नेहमीच्या बाजूला, दिसत होता आणि रुळावर रिव्हर्स, उलट बाजूला, होता. नामदेव खलाशी कंदील घेऊन पळत आला, म्हणून पहिली गाडी स्टेशनात शिरण्याआधीच्या होम सिग्नलबाहेरच थांबली. काही झाले नाही, कुठे नोंदही झाली नाही. ती सही मात्र माझी होती.

जर्मनीतल्या उबरलिंगेनच्या विमान अपघाताविषयी वाचल्यापासून हे जास्तच आठवते. १ जुलै २००२ च्या त्या रात्री झुरिकच्या नियंत्रण केंद्रात यंत्रणेवर काम चालू होते. टकरीचा इशारा पडद्यावर येत नव्हता, टेलिफोनची मुख्य लाइन बंद होती, सहकारी विश्रांतीला गेला होता आणि एकच माणूस दोन पडदे सांभाळत होता. जर्मनीतल्या कार्ल्सरूहेच्या नियंत्रकाला धोका दिसला, पण त्याचा फोन लागलाच नाही. दोन विमाने आकाशात एकमेकांवर आदळून ७१ जण गेले, त्यांत निम्म्याहून अधिक मुले होती. पुढे दोन वर्षांच्या आतच, बायको आणि मुले गमावलेल्या एका बापाने झुरिकच्या त्या एकट्या नियंत्रकाचा खून केला. मला त्या बापाचेही वाईट वाटते आणि खुर्चीतल्या माणसाचेही. पण रात्री झोप लागत नाही, ती त्याच केंद्रात हातात स्क्रू ड्रायव्हर घेऊन काम करणाऱ्या, कोणीच नाव न विचारलेल्या माणसांच्या विचाराने. तू त्यांच्यापैकी आहेस.

‘तुलाच का’ असे मी विचारले, त्याचा अर्थ हा होता. तू ते करू शकणार नाहीस, असे माझ्या मनात एक क्षणही आले नव्हते.

आईने मेतकूट आणि ताईच्या हातचे लोणचे बांधून ठेवले आहे, सोमवारी पार्सल करतो. त्या रात्री सही करण्यापूर्वी एक गाडी धावपट्टीच्या पार टोकापर्यंत नेऊन पडद्यावर ती दिसते का, हे वायरलेसवर विचारून घे. जुने रडार निदान काही दिवस चालू ठेवणार आहेत ना, तेवढे कळव.

तुझे,
बाबा