बांध पेटवू नका

संपादक महोदय,

उन्हाळा लागला की सोलापूर, नगर, पुण्याच्या कोरडवाहू पट्ट्यात बांध आणि माळ पेटवले जातात. जाळल्याने गवत चांगले फुटते, ही समजूत. प्रत्यक्षात दरवर्षी जाळलेल्या माळावर कुसळीच माजते आणि मारवेलसारखा चांगला चारा मागे पडतो.

शिवाय याच दिवसांत तित्तराची वीण सुरू होते. झुडपाच्या बुडाशी जमिनीवरच ४ ते ८ अंडी, उबवणी १८-१९ दिवसांची. ससा तर बीळ करतच नाही, गवताच्या आडोशाला दबून राहतो. धोका जाणवला की त्याची लहान पिल्ले पळत नाहीत, जागीच दबतात आणि होरपळतात. वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला बंदी आहे, पण लपायला गवतच ठेवले नाही तर ससे, तित्तर, लाव्हे राहणार कुठे?

गवत जाळण्याऐवजी कापावे. माळाचे तीन भाग करून दोन भाग ऑक्टोबरात चाऱ्यासाठी कापावेत, तिसरा उभा ठेवावा आणि दरवर्षी भाग बदलावा. कापणी मधून सुरू करून कडेकडे न्यावी. कडेने आत गेल्यास प्राणी मधल्या गवतात कोंडले जातात. बांधावरची बोर, तरवड, हेकळ मुळासकट काढू नयेत. तित्तर रात्री बोर, हेकळ अशा काटेरी झुडपांत बसतात.

बांधावर तणनाशकही मारू नये. तण गेले की त्यावरचे किडे जातात आणि पहिले काही आठवडे तित्तराची पिल्ले किड्यांवरच वाढतात. इंग्लंडमध्ये ‘ग्रे पार्ट्रिज’ हे तित्तरासारखे पक्षी घटले त्यामागे हे मोठे कारण निघाले. तिथे आता शेताच्या मधोमध मुद्दाम गवताळ वरंबे घालतात. आपल्याकडे बांध आयतेच आहेत!

शेततळ्याच्या प्लास्टिकवरून घसरलेला ससा वर येऊ शकत नाही. एका कोपऱ्यात काथ्याची मीटरभर रुंद जाळी काठापासून थेट तळापर्यंत सोडावी. पुष्कळजण ती अर्ध्यावरच संपवतात. एप्रिलमध्ये पाणी खाली गेले की तिचा उपयोग उरत नाही.

ग्रामपंचायती गायरानातल्या गवताचा लिलाव करतात. त्याच्या अटींत एक तृतीयांश गवत उभे ठेवणे आणि माळ न पेटवणे, या दोन गोष्टी लेखी घालाव्यात. अनामत रक्कमही पावसाळा सुरू झाल्यावर, माळ पाहूनच परत करावी.

— कोरडवाहू भागातील काही शेतकरी