शेवंतीच्या काड्या आणि रात्रीचा दिवा

महोदय,
स. न. वि. वि.

मी कर्वेनगरात तिसऱ्या मजल्यावर एकटी राहते. वय अडुसष्ट, टेलिफोन खात्यातून निवृत्त. आपला अंक आमच्याकडे सासऱ्यांच्या काळापासून येतो, तेव्हा तक्रार करायचा हक्क आहे असं धरून लिहिते.

फ्लॅटमध्ये गांजा पिकवणाऱ्यांना पकडल्याच्या बातम्या आपण छापता. जरूर छापा. पण त्यात ‘क्लोन’, ‘कोकोपीट’, ‘टायमर’, ‘विशेष प्रकाशयोजना’ हे शब्द अशा थाटात येतात, की वाचणाऱ्याला वाटावं काडतुसंच सापडली. त्या शब्दांनी माझ्या घरी काय घडवलं ते ऐका.

माझ्या आतल्या खोलीत जानेवारीपासून एप्रिलपर्यंत रात्री दहा ते दोन दिवा जळतो. साधा नऊ वॉटचा पांढरा एलईडी. भाच्याने टायमर लावून दिलाय, म्हणून मला उठावं लागत नाही. दिवा शेवंतीसाठी. माहेर सासवडकडचं, वडिलांची शेवंती गुलटेकडीच्या बाजारात जायची. शेती गेली, खोड राहिली. शेवंती रात्र मोजते. रात्र लांब झाली की ती वाढायचं सोडून कळी धरते. पुण्यात डिसेंबरात दिवस जेमतेम अकरा तासांचा, जूनमध्ये सव्वातेराच्या आसपास. त्यामुळे हिवाळ्यात काढलेल्या काड्या बोटभर उंचीवरच फुलायला बघतात. मध्यरात्री दिवा लावला की एका लांब रात्रीच्या दोन आखूड रात्री होतात, झाड फसतं आणि पानाफांद्यांतच वाढत राहतं. पॉलीहाउसवाले हेच करतात. लांब-आखूड दिवसांवर झाडांचं फुलणं ठरतं हे गार्नर आणि अ‍ॅलार्ड या दोघा अमेरिकी शास्त्रज्ञांनी १९२० सालीच मांडलं, तेही तंबाखूसारख्या पिकावर प्रयोग करून.

आता गंमत अशी की गांजाचं झाडही याच जातकुळीतलं, लांब रात्रीवर फुलणारं. म्हणून चोरून पिकवणाऱ्यालाही दिवे लागतात. समोरच्या इमारतीतल्या एका गृहस्थांनी आपली बातमी वाचली, रात्री माझी खिडकी पाहिली, ‘जांभळा प्रकाश’ दिसला आणि त्यांनी आमच्या सोसायटीच्या सचिवांना कळवलं. जांभळा होता तो माझा पडदा. सचिवांनी मला विचारायचं सोडून थेट पोलिसांना फोन केला.

रविवारी सकाळी दहाला बेल वाजली. दारात एक वयस्कर हवालदार, एक तरुण पोलीस आणि मागे सचिव. माझे हात कोपरापर्यंत कोकोपीटने, म्हणजे नारळाच्या काथ्याच्या भुशाने, माखलेले, कारण त्या दिवशी बावीस काड्या कुंड्यांत हलवायच्या होत्या. जानेवारीच्या शेवटी काश्यांचे, म्हणजे जुन्या झाडाच्या बुडाशी फुटलेल्या कोंबांचे, शेंडे खुडून कपांत लावलेल्या, सहा-सात सेंटिमीटरच्या, खालची पानं काढलेल्या. अठरा दिवसांत मूळ धरलं होतं. आणि या कामाची वेळ टळून चालत नाही. कप उलटा करून हलकेच ठोकला की हुंडी, म्हणजे मुळांनी धरलेला गोळा, अख्खी बाहेर यायला हवी आणि कडेने पांढरी मुळं दिसायला हवीत, बोटाच्या एका पेराएवढी. आधी काढली तर हुंडी हातातच विस्कटते आणि कोवळी मुळं तुटतात. उशीर केला तर मुळं कपातच गोल फिरून तपकिरी पडतात, मग मोठ्या कुंडीत गेली तरी बाहेर यायला तयार होत नाहीत. मी म्हटलं, “बसा. मुळं उघडी आहेत, दहा मिनिटं द्या, मग काय ती झडती घ्या.”

सचिव बसले नाहीत. तरुण पोलिसाने केकचा पारदर्शक डबा उचलला. काड्यांवर मी तेच झाकण घालते, बेकरीवाला देतो. “हे क्लोन का?” असं विचारत त्याने एक काडी मानेला धरून वर ओढली. काडी हातात आली, मुळं कपातच राहिली. त्यावर हवालदार जे ओरडले ते मी ओरडण्याआधी ओरडले: “अरे, पानाला धर! पान मोडलं तर नवं येईल, खोड चेपलं की गेलं ते!” गृहस्थ यवतचे निघाले. घरी शेवंती. एक पान चुरगळून वास घेतला आणि सचिवांकडे असं पाहिलं, की सचिवांना एकदम काहीतरी काम आठवलं.

हवालदारांनी चहा घेतला आणि मी कुंड्या भरत असताना शंका काढत बसले. त्यांच्याकडे सगळं शेतात, कुंडीचं गणित वेगळं. रोप एवढंसं, मग शेवटी आठ इंचीतच जायचं तर आत्ताच का नाही लावत? हा प्रश्न मला सगळेच विचारतात. चार इंचीपेक्षा मोठी कुंडी पहिल्याच दिवशी दिली तर मुळं जिथवर पोचत नाहीत तिथली माती ओलीच राहते, आत हवा खेळत नाही आणि मुळं कुजतात. वरून रोप मान टाकतं, आपल्याला वाटतं तहानलंय, आपण आणखी पाणी घालतो. माझी पहिली तीन वर्षं याच पाण्यात गेली. (तेव्हा हे म्हणायचे, शेवंती बुडवायला तुला मुठेचा पूर लागत नाही.) शेतकऱ्याला वाफसा शब्द कळतो, मातीत ओलही आणि हवाही, कुंडीतही वाफसाच हवा असतो, फक्त तो बोट खुपसून बघावा लागतो.

दुसरी फसवणूक मातीची. कोकोपीटमधली हुंडी नुसत्या काळ्या मातीत बसवली तर ती बारीक माती हुंडीतलं पाणी ओढून घेते. वरची माती ओली दिसते आणि आत मूळ कोरडं पडलेलं असतं. म्हणून पोयटा (गाळाची माती), जुनं शेणखत आणि धुतलेलं कोकोपीट एकत्र, काळी माती नाही, आणि पहिला आठवडा पाणी खोडाजवळ, हुंडीवरच. कोकोपीट न धुता वापरलं तर त्यातला खार पानांच्या कडा जाळतो. उन्हाळ्यात आमच्याकडे टँकर येतो, त्यातल्या बोअरच्या पाण्यानेही तेच होतं. मी महापालिकेच्या पाण्याची एक बादली शेवंतीसाठी बाजूला ठेवते, त्यावरूनही सोसायटीत बोललं गेलंय.

लावताना कपात होती तेवढीच खोल लावायची, खोड मातीत गाडायचं नाही. माती दाबायची नाही, पाण्याने बसू द्यायची. आठ-दहा दिवस खत नाही. झाकण एकदम काढायचं नाही, आधीचे चार-पाच दिवस रोज थोडं जास्त उघडायचं. फेब्रुवारीतली पुण्याची हवा पापडासारखी कोरडी असते, डब्यातल्या दमट हवेतून आलेलं पान तासाभरात मान टाकतं. आषाढात ही कटकट नसते, तेव्हा दुसरी असते, बुरशीची.

हे सगळं इतकं लिहिलं, कारण ‘क्लोन’ म्हणजे एवढंच आहे. झाडाची काडी तोडून मुळं फुटू देणं. ती आईसारखीच निघते. आपल्या जिल्ह्यात उसाचं टिपरं लावतात तो क्लोनच. को ८६०३२ या जातीची लाखो टिपरी हा एकाच उसाचा गोतावळा आहे. आजीचा जास्वंद, शेजारणीने दिलेला मोगरा, कुंडीतला पुदिना, सगळे क्लोन. गुन्हा तंत्रात नाही, झाडात आहे, आणि तो कायदा अगदी स्पष्ट आहे: १९८५ चा अमली पदार्थ कायदा, गांजाच्या लागवडीला दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड. घरातल्या कुंडीला त्यात सूट नाही. बातमीत हे ठळक छापलंत तर एखादा हौशी पोरगा वेळीच शहाणा होईल. त्याऐवजी आपण दिव्याचा आणि कुंड्यांचा फोटो छापता, झाडाचं पान मात्र दिसेल असं छापत नाही.

पान एकदा नीट दाखवा. गांजाचं पान म्हणजे एका टोकातून पंजासारख्या फुटलेल्या अरुंद, करवती कडांच्या पाच-सात पात्या. शेवंतीचं पान एकसंध, कडेला खोल खाचा असलेलं, हाताला लवदार, आणि चुरगळलं की त्याचा वास कुणाला सांगावा लागत नाही. खरं तर गांजासारखं दिसतं ते अंबाडीचं पान. अंबाडीच्या शास्त्रीय नावातच ‘कॅनाबिनस’ आहे. उद्या मंडईत अंबाडीची जुडी घेतलेल्या बाईला कुणी अडवलं, तर मला नवल वाटणार नाही.

पोलिसांबद्दल माझी तक्रार नाही, जाताना दोघंही पायऱ्यांपर्यंत ‘मावशी, मावशी’ करत गेले. तक्रार शब्दांची आहे, आणि सोसायटीच्या फलकावर लागलेल्या सूचनेची: “रात्री दहानंतर सदनिकेत रंगीत दिवे लावू नयेत.” मी पडदा बदललाय. आता पांढरा आहे. दिवा तोच.

आपली,
एक जुनी वाचक, कर्वेनगर, पुणे

ता. क. बावीसपैकी एकवीस त्याच दिवशी कुंडीत गेल्या आणि सगळ्या जगल्या. तुटलेली बाविसावी मी खालून ताजा काप घेऊन पुन्हा कोकोपीटमध्ये खोचली होती. तिलाही मुळं फुटली. चार इंची कुंडीत लावून ती सचिवांच्या दाराशी ठेवलीय. आज आठवा दिवस, त्यांनी अजून आत घेतलेली नाही. पाणी मीच घालते.